नातलगाची जागा

"सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे मी," ओसहिल्ड म्हणाली. "पण आधी तुला विचारायला आले."

तोरगाईरने वॉफलच्या साच्याचं झाकण दाबलं. "काय सांगणार? एक्क्याऐंशीची झालीस हे? ते दिसतं लोकांना."

"थट्टा पुरे. हालवार्डचं सांगणार आहे."

खाली रस्त्यावर क्येल्सोसला जाणारी ट्राम वळण घेत कुरकुरली.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ऑस्लोतल्या एका संगणक संस्थेत दोघांची टेबलं शेजारी होती. तेव्हा पडद्यावर हिरवी अक्षरं दिसत आणि खोलीला तापलेल्या तारांचा वास येई. एका रुग्णालयासाठी ते प्रोग्रॅम लिहीत होते. भेटायला आलेल्याचं नाव काउंटरवरची बाई यंत्रात घाली. यंत्राला पटलं तर चिठ्ठी छापून येई. चिठ्ठीशिवाय वरच्या मजल्यावर कोणाला सोडत नसत.

अत्यवस्थ रुग्णांच्या वॉर्डसाठी अट ओसहिल्डने लिहिली होती. भेटणाऱ्याच्या जागी फक्त 'नातलग' या वर्गातला माणूस चालेल. नवरा, बायको, आईबाप, मुलं, भावंडं. दुसरं कोणी त्या जागी घातलं की प्रोग्रॅम नकार देई.

तोरगाईर जेवणाच्या सुट्टीत डब्यातला पाव खाता खाता तिच्याशी वाद घाली. "माणूस कोण आहे हे विचारू नकोस गं. तो काय करतो ते विचार. सूप कोण नेतं, मळके कपडे कोण धुतं, रात्री डॉक्टरला फोन कोण करतं. ती भूमिका जो निभावतो, त्याला जागा दे. मग वर्ग कुठलाही असो."

"मग उद्या दूधवालाही नातलग," ओसहिल्ड म्हणाली होती. सगळे हसले होते. तोरगाईरही हसला होता.

हालवार्ड आणि तो एकोणीस वर्षं एका घरात राहत होते. त्याविषयी ऑफिसात कोणी विचारत नसे, तोही सांगत नसे. त्या नोव्हेंबरात हालवार्डला त्याच वॉर्डात ठेवलं, एवढं ओसहिल्डच्या कानावर आलं होतं. रविवारी संध्याकाळी हालवार्ड वारला.

सोमवारी तोरगाईर वेळेवर कामाला आला. कोट खुंटीला लावला.

"भेट झाली का रे?" ओसहिल्डने विचारलं.

"मी कुठे नातलग?" तो म्हणाला, आणि यंत्र सुरू केलं.

त्याच आठवड्यात तिने ती अट भूमिकेवर बेतून पुन्हा लिहिली. जुना भाग उघडूनही न बघता पुसून टाकला. तो बघवला नसता तिला. पुढे तिची पद्धत इतरांनी उचलली, विद्यार्थ्यांना शिकवली. त्याच पद्धतीसाठी आता येत्या सोमवारी तिचा सत्कार होता.

मधल्या वर्षांत तिने दर हिवाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला. नाताळला लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजून आणल्या. माफीचा शब्द ओठांवर आला की तो हवामानाची गोष्ट काढी.

"ही कल्पना तुझी होती, हे सांगणार," ती आता म्हणाली. "मी हसले होते, तेही. आणि माझ्या त्या अटीमुळे हालवार्ड एकटा गेला."

"कशाला उकरतेस? फुलं घे, केक खा, घरी जा."

"नाही जमत. चार दशकं जमलं नाही. तू एकदा माफ कर. नाही केलंस तरी मी सांगणारच."

"नाव घेऊन?"

"दोघांचंही. तुझ्यावर अन्याय झाला, हे लोकांना कळू दे."

साच्यातून करपल्याचा वास यायला लागला. तोरगाईरने झाकण उचललं नाही. ओसहिल्डने हात लांबवून वायर काढली.

"तू त्या अटीमुळे रडलीस कधी?" त्याने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना."

"दर नोव्हेंबरात."

तो खुर्चीत बसला.

"हालवार्ड जायच्या आधीच्या शुक्रवारी तू घरी गेलीस, आणि मी तुझी अट उघडली. वर्ग काढला, भूमिका घातली. सात ओळी. शनिवारी नेहमीप्रमाणे प्रोग्रॅमची नवी टेप रुग्णालयात गेली."

ओसहिल्ड पुढे झुकली. "अरे देवा. आणि चाललं नाही? मला विचारायचंस तरी! मी रात्रीत बसून..."

"चाललं."

"म्हणजे?"

"पहिल्या फटक्यात. रविवारी नाव सांगितलं आणि चिठ्ठी छापून आली. माझं नाव, पुढे 'नातलग'. काउंटरवरची बाई माझ्या आईच्या चर्चमधली निघाली. तिने ते मोठ्याने वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं."

"मग?"

"मी चिठ्ठी तिला परत दिली. म्हटलं, यंत्राची काहीतरी चूक झालीय बाई, मी नुसता त्याचा घरमालक आहे."