शेडमधल्या दहा पिशव्या

दोन प्लास्टिकं एकत्र वितळवून यशश्रीने द्राक्षांसाठी पिशवी बनवली होती. फळं श्वास घेतात, उकाड्यात जास्तच. म्हणून पिशवीतून त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू गारव्यात हळू आणि उकाड्यात वेगाने बाहेर पडायला हवा होता. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये तिने दहा पिशव्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवल्या आणि दहा पत्र्याच्या तापत्या शेडमध्ये. ही चाचणी फसली तर काम बंद, असं प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांनी बजावलं होतं.

आठव्या संध्याकाळीही दोन्हीकडच्या पिशव्यांमधला कार्बन डायऑक्साइड मोजल्यावर जवळपास सारखाच भरला; म्हणजे पिशवी हवं तसं काम करत होती. शेडमधल्या घडांचे देठसुद्धा हिरवेगार होते.

“आठ दिवस गरमीत राहून एवढे ताजे!” ती द्राक्षं निवडणाऱ्या चंद्रभागामावशींना म्हणाली.

“राहतील नाय तर काय! रोज घरी जाताना मीच त्या पिशव्या आत गारव्यात ठेवते. सकाळी तू यायच्या आधी परत बाहेर.”

“मावशी, त्या बाहेरच राहायला हव्या होत्या. सगळी चाचणी वाया गेली.”

“माल रातभर उघड्यावर नाय ठेवत, पोरी. अन् दिल्लीला जाताना तरी तो एका जागी बसतो का? इथं गार, गाडीत गरम, पुढं परत गार.”

यशश्रीने मावशींकडे पाहिलं, मग वहीतल्या आठ संध्याकाळच्या आकड्यांकडे. रोज गारव्यातून उकाड्यात येऊनही शेडमधले आकडे कोल्ड स्टोरेजमधल्यांशी जुळत होते.

“मग आज ठेवू का नको आत?” मावशींनी विचारलं.

“ठेवा. आणि सकाळी बाहेर काढायला विसरू नका.”