स्विच कुठे बसवायचा

"गाडी कोण चालवणार?" बॉनेटमधून डोकं वर न काढता बद्रीनाथांनी विचारलं.

"मीच," निकिता म्हणाली.

हे अर्धंच खरं होतं. घाट लागला की स्टिअरिंग आई घ्यायची. पण इथे आईचं नाव काढायचं नव्हतं.

कोथरूडमध्ये फॉग लॅम्प बसवून देणारी दहा दुकानं असताना निकिता कसबा पेठेतल्या या एका गाळ्यात आली होती, कारण बद्रीनाथ तिचे सख्खे आजोबा होते. चोवीस वर्षांच्या आयुष्यात ती त्यांना आज पहिल्यांदा पाहत होती. तिच्या आईने, मंदाकिनीने, घरी न विचारता लग्न केलं तेव्हा ते म्हणाले होते, पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस. ती चढली नाही. बाप तशी लेक.

आता पंचवीस वर्षांनी तिचाच धीर सुटला होता. पत्त्याची चिठ्ठी तिने निकिताच्या हातात दिली. अक्षरं तळहाताने फासटलेली, नेहमीसारखीच. राग गेलाय का तेवढं बघून ये, म्हणाली, नसेल गेला तर दिवे बसव आणि मुकाट परत ये. स्वतः मात्र अलीकडच्या चौकात उतरून देवळात जाऊन बसली.

दुकान निकिताला ऐकून ऐकून पाठ होतं. बिस्किटांच्या डब्यात फ्यूज, भिंतीवर वायरची भेंडोळी, दाराशी लाकडी बाक. याच बाकावर बसून लहानगी मंदाकिनी बापाला टेप कापून द्यायची, उरलेलं टोक दुमडून ठेवायची. महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या तेव्हा इथे रांग लावायच्या, आणि घाटात पिवळा दिवा दिसला की ती म्हणायची, हा आमचा. हे सांगताना आईचा आवाज दर वेळी बदलायचा. निकिताची नजर बाकावरून हलेना. तरी बद्रीनाथांना ती निग्रहाने काका म्हणत होती.

"तुम्ही रिलेशिवाय लावून मागाल," बद्रीनाथ म्हणाले. "हल्ली सगळे मागतात. मग स्विच जळला की माझ्या नावाने शंख."

"तुम्ही सांगाल तसं, काका."

बद्रीनाथ कामाला लागले. बॅटरीवरून वायर घेतली, फ्यूज लावला, रिले बसवला. वय झालं होतं, पण जोड पक्का बसत होता. मग त्यांनी टेपची गुंडाळी तिच्यापुढे धरली. तिने वीतभर तुकडा कापून दिला, उरलेल्या टेपचं टोक जरासं दुमडलं आणि गुंडाळी परत केली.

बद्रीनाथांनी गुंडाळी हातात फिरवून पाहिली. मग समोरच्या टपरीवर ओरडून तीन चहा सांगितले.

चहा आला. निकिता मनात हसली. ही त्यांची जुनी पद्धत आईने सांगितली होती. गिऱ्हाइकाला चहा द्यायचा आणि तो कुठल्या हाताने घेतो ते बघायचं. धुक्यात डोळे रस्त्यावरून हलता कामा नयेत, म्हणून हात आपोआप जातो तिथेच स्विच हवा. तिने उजवा हात पुढे केला. त्यांनी नीट पाहिलं आणि मान हलवली.

तिसरा कप बाकावर बशीखाली झाकून राहिला. दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

"कुठे निघालीस?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"महाबळेश्वरला."

"पसरणीच्या घाटात धुकं असेल."

एवढं बोलून ते गाडीत शिरले. आत ड्रिल घरघरलं. मग त्यांनी तिला पुढे उभं राहून बघायला सांगितलं. भर दुपारी दोन पिवळे दिवे लागले, आणि कारण नसताना तिला रडू आल्यासारखं झालं.

डोळे पुसून ती दाराशी आली तर स्विच स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बसवलेला. चहा तीन सांगितले, हात पाहिलेला विसरले. राग गेलाही असेल, पण रागाबरोबर स्मरणही गेलं होतं. पंचवीस वर्षं थांबून आईने जरा जास्तच उशीर केला होता. देवळात जाऊन हे तिला कसं सांगायचं?

"काका," ती हळूच म्हणाली, "मी उजव्या हाताची आहे. मघाशी बघितलंत तुम्ही."

"बघितलं."

"मग स्विच इकडे का?"

बद्रीनाथांनी फडक्याला सावकाश हात पुसले.

"घाटात तुझी आई डाव्या हातानेच चाचपणार," ते म्हणाले. "जा, पायरी चढून आत ये म्हणावं तिला. चहा निवतोय."