स्वतःबद्दल सांग

फोन ठेवून शाळेतल्या नोकरीवाल्या बाईंनी समोर पाहिलं. मुलगी खाली मान घालून बसली होती. पाठ मात्र ताठ, पाय जुळवलेले, हात मांडीवर. मुलाखतीला कसं बसायचं हे बाईंनीच तिला शिकवलं होतं.

"चष्मेवाल्यांचा फोन होता," बाई म्हणाल्या. "म्हणतात, पोरगी चुणचुणीत आहे, पगार पटला, वेळ पटली. सोमवारपासून ये म्हटलं तर नको म्हणाली. खरं?"

मुलीने मान डोलावली.

"उद्यापर्यंत जागा धरून ठेवतील, मग दुसरी बघतील. अशी जागा पुन्हा मिळायची नाही तुला."

बाई चिडल्या होत्या. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना कामाला लावून देणं, हे त्यांचं काम. मुख्याध्यापकांना त्यातला फक्त आकडा हवा असे. गणिताचे सर त्यांना 'एजंट' म्हणायचे. दुकानदारांना वाटायचं, ही बाई पोरं गळ्यात मारते. बाईंचं म्हणणं वेगळंच होतं. आपण दार आहोत, त्या म्हणायच्या, दारातून पलीकडे जायचं, दाराशी रेंगाळायचं नाही. म्हणून नोकरी लागलेल्या प्रत्येकाला त्या हसत हसत ताकीद द्यायच्या, "आता या खोलीत दिसलास तर काम बिघडलं समजेन." मुलंही गुणाची, पुन्हा फिरकायची नाहीत. बाईसुद्धा मुलं कामाला लागलेल्या दुकानांना वळसा घालून बाजार करायच्या. मालकासमोर शाळेची बाई उभी राहिली की पोर अवघडतं. मुलं कामाला लागत गेली, तसा बाईंचा वळसा लांबत गेला. हल्ली साध्या पावासाठी त्यांना पूल ओलांडावा लागे.

"घरचे नको म्हणाले का?"

"घरी विचारलंच नाही. आईची रात्रपाळी असते. मी घरी जाते तेव्हा ती झोपलेली, उठली की तिची निघायची घाई. भांडंसुद्धा वाजवायचं नसतं."

"मग अडलं कुठे?"

"नोकरी लागली की इथे यायचं नसतं ना?"

बाईंना हसूच आलं. "अगं, इथे आहे काय? एक टेबल, दोन खुर्च्या, आणि रोज तेच तेच विचारणारी मी."

"तेच," मुलगी म्हणाली. "तुम्ही म्हणता, स्वतःबद्दल सांग. मला दुसरं कोणीच असं म्हणत नाही."

बाहेर शिपाई एकेक खिडकी लावत येत होता. बाई त्या आवाजाकडे कान देऊन बसून राहिल्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर किती पोरांकडून घोकून घेतलं होतं. उत्तरं ऐकताना त्यांचं लक्ष असे ते उच्चारांकडे.

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं. शाळा सुटल्यावर या खोलीचं दार वाजवणारी ही एकटीच. आज गप्प बसलं असतं तर उद्याही दार वाजलं असतं. जागा दुसऱ्या कोणाला गेली असती, आणि बाईंना कोणी नावं ठेवली नसती.

त्यांनी चष्मेवाल्यांचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर मुलीच्या हातात दिला. "बोल."

"सोमवारी येते, काका," मुलगी म्हणाली. आवाज सरावातल्यासारखा स्वच्छ होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, आता नक्की."

ती उठली. शिकवल्याप्रमाणे खुर्ची टेबलाखाली सारली, दप्तर उचललं आणि दारात जाऊन थांबली.

"मग मी येऊ नको?"

"नको," बाई म्हणाल्या. टेबलावरचा फोन त्यांनी उगाच नीट केला. "मी येईन. चष्मा करायला."

"पण बाई, तुम्ही तर बारीक अक्षरातली जाहिरात हात लांब न करता वाचता. तुम्हाला कुठे चष्मा लागतो?"

"लागेल," बाई म्हणाल्या.