टेकचंदची स्टेशन वॅगन

दिवेलागणीला हॉर्न दोनदा वाजला आणि कैलाशच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला. पाय चोळायचंही त्याला सुचलं नाही. गाडीत बॅटरी नव्हती. ती त्यानं सकाळीच काढून ओसरीवर चार्जिंगला लावली होती.

गाडी म्हणजे लांबलचक पाठीची जुनी स्टेशन वॅगन. एकोडीत ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या कैलाशनं ती तुमसरच्या भंगारातून उचलून अंगणात आणली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. चाकं नाहीत, काचा नाहीत, मागच्या सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी सुखानं नांदत होती. पण नंबर पाहूनच कैलाशचे डोळे भरून आले होते. ही त्याच्या बापाची गाडी. म्हणजे मालकी खाणीची. टेकचंद नाकाडोंगरीकडच्या एका खाणीत ड्रायव्हर होता, तिकडेच राहायचा. बावीस वर्षांपूर्वी, कार्तिकात, गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर तो याच गाडीत सकाळी सापडला, स्टेअरिंगवर डोकं टेकलेला. घोट्याच्या वर सापाच्या दोन दातांच्या खुणा. खाणीच्या कामानं इकडं आला असेल, बांधावर उतरला असेल, घर गाठता गाठता गेला, असं गाव म्हणालं. गाडीचं तोंड मात्र घराकडे नव्हतं, साकोलीकडे, दवाखान्याच्या रस्त्याला होतं. विष चढल्यावर माणसाला दिशा कुठली, असं म्हणून तेही मिटलं.

कैलाश तेव्हा सहा वर्षांचा होता. बाप घरापासून अर्ध्या मैलावर मेला, ही गोष्ट त्याच्या मनातून कधी गेलीच नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. गाडी चालती करायची, पाळीवर न्यायची, आईला शेजारी बसवून तिथून दारापर्यंत आणायची. बापाचा राहिलेला रस्ता तेवढा पुरा करायचा.

नुसत्या दुरुस्तीवर गडी थांबेना. पॉवर स्टेअरिंग बसवलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, एसीसुद्धा आणून ठेवला. “म्हातारीले जीन्स घालून राहिले तुमी,” बायको डिंपल म्हणायची.  आई, कौशल्याबाई, गाडी आल्यापासून अंगणाकडे पाठ करून जेवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हॉर्न पुन्हा वाजला. दोनदाच. कैलाशनं जुनी वायरिंग उपटून टाकली आणि नवी ओढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा. चौथ्या दिवशी त्यानं हॉर्नच खोलला, फडक्यात बांधला आणि घरात कपाटावर ठेवला. आता वाज म्हणावं.

त्या सांजेला कपाटावरचं गाठोडं गप्प होतं. हॉर्न अंगणातून वाजला.

डिंपलनं पोरीला छातीशी धरलं. तिच्या तोंडातली थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. “अजी, उद्या ही गाडी भंगारात गेली नाई, त मी पोरीले घेऊन आसगावले चालली माहेरी. सांगून ठेवते.”

“कोन हाये बे?” म्हणून कैलाश दाराकडे धावला, तर आईनं त्याचं मनगट पकडलं.

“ओ देऊ नोको,” ती हळूच म्हणाली. “दिवे लागल्यावर दोन हाका कोनीबी मारते. जित्ता मानूस असन, त तिसऱ्यांदा मारन.”

त्यांच्या घरातली ही जुनीच रीत. अंधार पडल्यावर पहिल्या दोन हाकांना कोणी तोंड उघडत नसे. पाहुणेसुद्धा हे ओळखून तीनदा हाक मारत. कैलाशला त्यात नवल नव्हतं. नवल आईच्या हाताचं वाटलं. हॉर्न थांबून गेला तरी तो मनगट सोडेना.

सकाळी त्यानं भंगारवाल्याला फोन लावला. उद्या ट्रक पाठवतो, असं तो म्हणाला. कैलाश दिवसभर ड्रायव्हरच्या सीटवर नुसता बसून राहिला. बापाला आपण आपल्या हातानं पुन्हा भंगारात घालतो आहोत असं वाटून त्याला दोनदा रडू फुटलं. कोणी जेवायला बोलावलं नाही, तोही उठला नाही. ऊन कलंडलं. घरात डिंपलनं दिवा लावला.

त्याचा हात स्टेअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या बटणावर होता. त्यानं दाबलं नाही, हे तो कुठंही शपथेवर सांगेल. त्याच्या हातावर दुसरा हात पडला. जड, घामानं ओला आणि भयंकर घाईत असलेला. बटण खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं.

दुसरा आवाज विरायच्या आत घराचं दार धाडकन उघडलं. कौशल्याबाई अनवाणी धावत आली. पदर कुठं चालला आहे याचं तिला भान नव्हतं. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून ती आत ओरडली, “आली जी! थांबा, आली मी!”

कैलाशच्या हातावरचं वजन उतरलं. अंगण शांत झालं. कितीतरी वेळ तिसरा हॉर्न वाजला नाही.

“माय,” कैलाश कसाबसा म्हणाला, “कोनाले बोलून राहिली तू? बाबा त घरापर्यंत पोचलेच नाई ना.”



“ते शनवारी येत, यष्टीनं. त्या दिवशी बुधवार होता,” ती म्हणाली. “दारात हॉर्न दोनदाच वाजला रे. तुया तोंडावर हात दाबून मी तिसऱ्याची वाट पाहून राहिली होती.”