शेवटच्या भागातलं प्रेत

"बॉडीचा हात जरा डावीकडे घ्या," सहायक दिग्दर्शिका म्हणाली. बॉडीनं आपला हात आपणच डावीकडे घेतला.

सकाळपासून ती गालिच्यावर पडून होती. शंभर वर्षांपूर्वीच्या काळातली गुप्तहेराची मालिका, पर्वाचा शेवटचा भाग, आणि त्यातला शेवटचा खून तिचा. अंगात गळ्यापर्यंत बटणं असलेला राखाडी रेशमी झगा. रेशीम खरोखरच त्या काळातलं, त्यामुळे झगा एकच. "चहासुद्धा लांबूनच बघायचा," कपडेपटाच्या मावशींनी सकाळी बजावलं होतं. "डाग पडला तर मला खराखुरा खून करावा लागेल."

दोन शॉटच्या मधे माणसं तिला ओलांडून जात. कुणी तिच्या डोक्याशी कप ठेवी, कुणी पायाशी वायरचं भेंडोळं टाकी. केस आणि झग्याच्या चुण्या हलायला नकोत म्हणून तिनं उठायचं नव्हतं. "तुमचं काम झकास आहे बुवा," दिवेवाला शिडीवरून म्हणाला. "झोपून पगार." ती ओठ न हलवता हसली. झोप हा शब्द ऐकूनच तिच्या पापण्या जड झाल्या.

काम देताना सहायक दिग्दर्शिकेनं एकच विचारलं होतं. "घरी लहान मूल वगैरे नाही ना? मागच्या वेळी एकीनं घटकेघटकेला शूटिंग थांबवलं. पुन्हा तो ताप नको."

"नाही," ती म्हणाली होती. म्हणताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही, आणि त्याचंच तिला रात्रभर वाईट वाटत राहिलं. पण काम नीट झालं तर पुढच्या पर्वातही बोलावणार होते. प्रेत म्हणून का होईना.

घरात ती आणि बाळ. नवरा बाळ पोटात असतानाच गेला. गेला म्हणजे निघून गेला. मेला असता तर निदान चार माणसं भेटायला तरी आली असती. बाळ झाल्यापासून ती ज्या एकाच माणसाशी बोलत होती, त्याला अजून मानसुद्धा धरता येत नव्हती. आज पहिल्यांदाच तिनं त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. "दुपारपर्यंत येतेच," असं सांगून. दुपार केव्हाच टळली होती. छाती दगडासारखी झाली होती. दुखतंय तर दुखू दे, तिनं मनाशी म्हटलं. हा एवढा शॉट, की सुटले.

गुप्तहेराचं काम करणारा नट साठीच्या पुढचा होता. सेटवर तो कुणात मिसळत नसे. लांब काळा ओव्हरकोट अंगात तसाच ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राही. लिहून दिलेल्या संवादातला स्वल्पविरामही हा माणूस बदलत नाही, असं लोक आदरानं सांगत, आणि जरा वैतागूनही.

"शांतता. टेक."

तिनं डोळे मिटले, श्वास धरला. बुटांचा आवाज जवळ आला. गुप्तहेर तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात मागच्या इमारतीत कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

ध्वनिमुद्रकानं कपाळाला आठ्या घातल्या. दिग्दर्शकानं हातानंच खुणावलं, चालू दे. ती हलली नाही. श्वास धरला होता, बोटं धरली होती, पापण्या धरल्या होत्या. पण पान्हा कसा धरायचा? रडणारं बाळ कुणाचं, हे छाती विचारत नाही. आधी कळ आली, मग ऊब. डोळे मिटलेलेच होते, तरी तिला सगळं दिसत होतं. राखाडी रेशमावर दोन गडद ठिपके आले असणार, आणि ते पसरत चालले असणार.

"ही बाई एकटी राहत होती," गुप्तहेर म्हणाला. पुढचं वाक्य होतं, 'हिच्या मागे कुणी नाही.' सकाळपासून तालमीत तिनं ते इतक्यांदा ऐकलं होतं, की दर खेपेला ते थोडं जास्त खरं वाटायला लागलं होतं.

पण पुढचं वाक्य आलं नाही.

कुणीतरी श्वास आत ओढला. मावशीच असाव्यात. 'कट' म्हणायला दिग्दर्शकानं हात वर केला. आणि तिच्या अंगावर काहीतरी जड, उबदार पडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तो ओव्हरकोट होता. गुप्तहेरानं तो तिच्या हनुवटीपर्यंत नीट ओढला, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसा.

"चुकलं माझं," गुप्तहेर म्हणाला. आवाज तोच, तसाच संथ, मालिकेतलाच. "ही एकटी नव्हती. हिला तान्हं मूल आहे. आणि आपण सगळे सकाळपासून या खोलीत वावरतोय, पण एकानंही त्याची चौकशी केलेली नाही."

दिग्दर्शकाचा हात वरच राहिला. कॅमेरा चालू होता.

गुप्तहेर खाली वाकला. "कुठंय बाळ?"

आता तिनं फक्त पडून राहायचं होतं. शॉट निभावला असता. डाग कथेत जिरला असता. पुढच्या पर्वाचं बोलावणंही कदाचित आलं असतं. पण बाळ झाल्यापासून हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"शेजारच्या काकूंकडे. भुकेलं असेल," प्रेत म्हणालं.