तासभर सोबत

सुबोधने वांद्र्याहून फोन केला. "आई, मी हल्ली एका साइटवरूनच सगळी खरेदी करतो. काही मागवलं, की ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे तासभर कुणालातरी सोबतीला पाठवतात. मी तुझंच नाव दिलंय!"

तेव्हापासून कॉलेजातली श्रुतिका दर शनिवारी मुलुंडला कुंदाताईंकडे येऊ लागली. निवृत्त शिक्षिकाच त्या, तिला मोडी शिकवायला बसल्या. आता ती अडखळत का होईना, अख्खी ओळ वाचायची.

या शनिवारी तिचा फोन आला. "आजी, सॉरी हां. या आठवड्यात ऑर्डरच नाही आली."

कुंदाताईंनी मुलाला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे गं. पटकन बोल ना."

 

"काही नाही रे. तुला शर्टबिर्ट काही लागतंय का?"