मोज्यांचे तळ

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. पाळणाघरातली बाकीची पिल्लं आपापल्या घरी गेली होती आणि भोपू एकटाच उंबऱ्यात बसून बुटांशी झटापट करत होता. खरं नाव वेगळंच, पण पहिल्या दिवशी त्यानं असा काही भोंगा लावला होता की मावशींनी तिथल्या तिथे त्याला हे नाव देऊन टाकलं.

आज त्याचा इथला शेवटचा दिवस. सोमवारपासून शाळा. तिथे तीस पोरांमागे बाई एक. म्हणजे आपल्या हातानं जेवता यायला हवं, शू आली तर सांगता यायला हवं, बूट आपले आपण घालता यायला हवेत. जेवण जमलं, सांगणंही जमलं. बूट मात्र काही केल्या जमेनात. पंधरा दिवस मावशी हात धुऊन त्याच्या मागे लागल्या होत्या. तो जायच्या आधी एकदा तरी ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. बघून सांगणार कोणाला म्हणा.

कारण मावशींचा नियमच होता तसा. पोरानं पहिलं पाऊल टाकलं, पहिला शब्द काढला, तरी आईबापाला चकार शब्द सांगायचा नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा आनंदाच्या भरात त्यांनी एका आईला दारातच पहिल्या पावलाची बातमी दिली होती. आपलं बघायचं राहून गेलं म्हणून ती बिचारी पायरीवर बसली ती उठेचना. तेव्हापासून मावशींनी कानाला खडा लावला. दोन-चार दिवसांनी आई धावत येऊन सांगायची, पोरगं चालायला लागलं म्हणून, आणि मावशी तोंडावर हात ठेवून चकित व्हायच्या. हे नाटक त्यांच्या अगदी अंगवळणी पडलं होतं. फक्त कधीतरी वाटायचं, आपण तिथे होतो हे एका तरी माणसाला माहीत असावं.

भोपूची आई आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर काचपट्ट्यांवरचे ठिपके बघून तिचे डोळे लाल झालेले असायचे. तिनं पोराच्या केसांतून हात फिरवला, पर्समधून शाळेचा फॉर्म काढला आणि मावशींसमोर टेबलावर ठेवला. दात कधी आले, बोलायला कधी लागला, सगळं भरलेलं होतं. 'चालायला कधी लागला' याच्यापुढची जागा तेवढी कोरी होती.

मावशी म्हणाल्या, अगं, तूच तर सांगितलं होतंस, रविवारी म्हणून.

"मला खरं लिहायचंय, मावशी."

मावशींनी फॉर्म तिच्याकडे परत सरकवला. रविवारच खरा, असं काहीबाही बोलून त्यांनी वेळ मारून न्यायला बघितलं, पण आईनं मान हलवली.

"त्या रविवारच्या आदल्या मंगळवारी मी त्याचे कपडे धुवायला काढले. रोज रांगून गुडघे मळलेले असायचे. त्या दिवशी गुडघे स्वच्छ होते आणि मोज्यांचे तळ काळेकुट्ट."

ते मोजे हातात घेऊन ती किती तरी वेळ उभी होती, नळ वाहतोय याचंही भान राहिलं नाही, असं तिनं सांगितलं. वाईट वाटलं होतं, खूप वाटलं होतं. मग रविवारी तो तिच्यासमोर चालला, सोमवारी तिनं ते इथे येऊन सांगितलं, तर मावशी इतक्या मनापासून हरखल्या की तिलाही वाटलं, असू दे, रविवारच खरा. दीड वर्ष दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं आणि मावशींना त्याचा पत्ताच नव्हता.

"कुठून चालला?" आईनं विचारलं.

"त्या कपाटापासून. चार वाजले असतील. आधी तीन पावलं टाकली, मग संध्याकाळपर्यंत थांबायलाच तयार नाही."

"कोणाकडे आला?"

मावशींना ती पायरीवर बसलेली बाई आठवली. चोरी कबूल करावी तशा त्या हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे."

आईनं डोळे पुसले. मंगळवारची तारीख फॉर्मवर लिहिली, नीट, एकेक आकडा ठळक करून.

"बरं झालं," ती म्हणाली. "कोणीतरी हात पसरून बसलं होतं."

उंबऱ्यातली कुरकुर थांबली होती. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. भोपूनं जीभ बाहेर काढली होती, दोन्ही हातांनी बुटाची मागची बाजू धरली होती आणि तो टाच आत ढकलत होता. एक पाय आत गेला. त्यानं दुसरा बूट ओढून घेतला.

मावशी झटकन वळल्या. आत टॉवेल वाळत घालायचे राहिलेत, असं काहीसं पुटपुटत त्या निघाल्यासुद्धा. आई समोर असताना असलं काही घडायला लागलं की त्या नेहमीच आत जायच्या. ते आईचं एकटीचं असायला हवं.

आईनं त्यांचा हात धरला. तो सोडलाच नाही.

मग दोघी तशाच उभ्या राहिल्या. दुसरी टाचही आत गेली. भोपूनं पट्ट्या दाबून बसवल्या, भिंतीला धरून तो उठला आणि त्यानं आधी आईकडे, मग मावशींकडे बघितलं.

बूट उलट्या पायांत घातले होते. दोघींपैकी कोणीही त्याला ते सांगितलं नाही.